इंटरनॅशनल नेटबॉल खेळून झालं, आता गोव्यातल्या शाळेत कोच व्हायचंय?

देशासाठी खेळलात, भारीच. पण शाळेत पीटी टीचरची पर्मनंट पोस्ट हवी तर बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) बघतात, नुसती जर्सी दाखवून भागत नाही, म्हणून केलं नसेल तर आधी ते उरकून टाका.

आता गोव्यातली पोरं म्हणजे फुटबॉल. २०२३ च्या नॅशनल गेम्समध्ये नेटबॉल इथेच झालं तरी "सर, हे बास्केटबॉलच ना?" विचारणारच. लेक्चर देऊ नका, बॉल द्या हातात आणि सांगा, ड्रिबल (बॉल आपटत पळणं) नाही, ३ सेकंदांत पास.

खरा वेळ घालवायचा तो पायांवर. बॉल पकडून ज्या पायावर उतरलो तो उचलला तर चालतो, पण बॉल सोडायच्या आधी परत टेकवायचा नाही, आणि हे पोरांच्या अंगात बसायला वेळ लागतो. म्हणून आधी बॉलशिवायच पळायचं, शिट्टी वाजली की गुडघे वाकवून थांबायचं. तांबड्या मातीवर बारीक खडी असतेच, ती झाडून घ्या, कारण गुडघ्याची दुखापत बहुतेक अशा उतरण्यातच होते.

रिंग ३.०५ मीटरवर, मागे बोर्ड नाही, तेव्हा पाचवी-सहावीसाठी खाली घ्या सरळ.

पावसात ग्राउंड गेलंच समजा. शाळेचा हॉल मागा, भिंतीवर पासिंग करा.

आणि उंच मुलीला कायम गोल शूटर (रिंगमध्ये बॉल टाकणारी) करून ठेवू नका हां, सातही पोझिशन फिरवा, पालक कुरकुरतील, कुरकुरू देत.