बिलिंगच्या टेकऑफवर वाट पाहताना

पहिल्या पॅराग्लायडिंग स्पर्धेसाठी हिमाचलात बीरला गेले, तेव्हा माझं सगळं उड्डाण कामशेतच्या टेकड्यांवरचं होतं. तिथे वारा जुळला नाही तर विंग, म्हणजे पॅराग्लायडरचं कापडी छत्र, बॅगेत भरायची आणि संध्याकाळी पुण्यात घरी. बीरच्या वर असलेल्या बिलिंगचा टेकऑफ, म्हणजे उड्डाणाची जागा, साधारण 2400 मीटरवर, खालच्या लँडिंगपासून हजारेक मीटर उंच. तिथे स्पर्धेतले सगळे पायलट एकाच उतारावर बसलेले असतात. अकराची विंडो, म्हणजे उड्डाणं सुरू करायची वेळ, साडेअकरावर जाते, मग बारावर, मग नुसतंच ‘कळवतो’.

दुसऱ्या दिवशी मी दहालाच हार्नेस, म्हणजे पट्ट्यांनी अंगाला बांधायचं आसन, चढवून उभी राहिले. आपला नंबर हुकेल ही भीती. वर पिसांसारखे पातळ ढग पसरले होते, ऊन फिकट झालं होतं. ऊन नाही तर जमीन तापत नाही आणि जमीन तापल्याशिवाय थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, सुटत नाही, हे मला वर्गात पाठ होतं. तरी मी आकाशाकडे बघतच नव्हते, रांगेकडे बघत होते. दीड तासाने विंडो उघडली. घामाघूम, तहानलेली, पाय भरून आलेले, तशीच घाईने सुटले. एकही थर्मल मिळाला नाही. सेकंदाला एक-सव्वा मीटर खाली येत राहिलं की हजार मीटर संपायला पाव तासही पुरतो.

म्हणून नव्यांना आधी हेच सांगते: हार्नेस काढा. विंग गुंडाळून सावलीत ठेवा, उन्हात पसरून ठेवली की कापड लवकर जुनं होतं. रेडिओ कानाशी राहू द्या. भूक नसली तरी खा. पाणी कमी प्यायचं नाही. बायकांनी तर नाहीच, आडोसा कुठे आहे ते आल्याबरोबर शोधून ठेवायचं. मग निवांत वर बघत बसा. समोरच्या कड्यावर गिधाडं पंख न हलवता गोल घेत वर जातात का? हवा आजमावायला विंड डमी म्हणून आधी सोडलेला पायलट उंची टिकवतोय का? धौलाधारच्या डोंगररांगेवरचे ढग आडवे वाढतात की उभे? दर दहा मिनिटांनी ढगाची उंची वाढत असेल, बूड काळं होत असेल, तर ते पुढे गडगडाटी ढगात बदलू शकतात. असे ढग विंगला आत ओढून घेतात.

विंडो उघडली म्हणजे उडायलाच हवं असं नाही. टास्कला, म्हणजे त्या दिवसाच्या स्पर्धेच्या ठरलेल्या उड्डाणाला, जास्तीत जास्त 1000 गुण असतात, पण बहुतेक जण जवळपासच उतरले तर त्या दिवसाचे एकूण गुणच घटतात. कच्चा दिवस सोडल्याचं नुकसान आपण समजतो त्याहून खूप कमी असतं.

तिसऱ्या दिवशी धौलाधारवरचे ढग उभे चढत होते. माझा नंबर आला आणि मी बाजूला झाले. हात थरथरत होते, कोणी ‘का?’ विचारलं तर काय सांगायचं, हे मनात घोळत होतं. कोणीही विचारलं नाही. मागच्या मुलाने फक्त माझी विंग गोळा करायला हात दिला. चाळीसेक मिनिटांनी रेडिओवर टास्क थांबवल्याचं आलं, आणि हवेतले सगळे उतरल्याचं कळेपर्यंत आम्ही दोघं रेडिओजवळून हललो नाही. मग जीपने खाली आलो.