नळीने दूध देताना या चुका टाळा

रात्री दोनचं फीड, बाळाच्या नाकातून जठरात घातलेल्या नळीने. गालावरची चिकटपट्टी लाळेने ओली, नळीवरची खूण नाकपुडीपासून दोन सेंटीमीटर बाहेर सरकलेली. तरी पोटावर स्टेथोस्कोप ठेवायचा, सिरिंजने हवा ढकलायची, 'आला आवाज' म्हणायचं आणि दूध सोडायचं. नवीन असताना मीही हेच करायचे. मोठ्या सिस्टरांनी तसंच शिकवलं होतं.

हा आवाज फसवा आहे. बाळाची छाती-पोट इतकं लहान, की नळी जठरात असो, अन्ननलिकेत असो की फुप्फुसात, 'गुडुप' सगळीकडून ऐकू येतं. ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने २००५ सालीच या तपासणीवर विसंबू नका असं बजावलं. नळीचं टोक पाण्यात बुडवून बुडबुडे पाहणंही त्याच माळेतलं. बाळ खोकलं नाही, निळं पडलं नाही, यावरही जाऊ नका. अशक्त बाळ खोकत नाही.

मग करायचं काय? नळीतून थोडा रस ओढा आणि पीएच पट्टीवर (आम्ल मोजणारा कागद; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) टाका. ५.५ किंवा त्याखाली आला तर फीड द्या. निळ्या लिटमसवर भागवू नका, आम्ल किती आहे ते तो सांगत नाही. आकडा जास्त आला तर आधी आठवा: नुकतंच दूध दिलंय का, आम्ल कमी करणारं औषध चालू आहे का? दूध दिलं असेल तर तासभर थांबून पुन्हा तपासा. तरीही शंका उरली तर डॉक्टरांना सांगून एक्स-रे. तोवर नळीतून पाणीसुद्धा नाही.

रस येतच नसेल तर बाळाला डाव्या कुशीवर वळवा, एक-दोन मिली हवा सोडून टोक जठराच्या भिंतीपासून सुटं करा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. 'रस नाही म्हणजे पोट रिकामं' हा अर्थ आपण सोयीने काढतो.

नळी किती आत घालायची, त्या मापाची चूक याआधीचीच. नाकाचं टोक, कानाची पाळी आणि तिथून छातीच्या हाडाचं टोक, इथेच बऱ्याच जणी थांबतात. मुलांमध्ये हे माप तोकडं पडतं. हाडाचं टोक आणि बेंबी यांच्या मधोमध यायला हवं, नाहीतर नळीची भोकं अन्ननलिकेतच राहतात आणि दूध वर येतं.

फीड देताना डोकं तीस ते पंचेचाळीस अंश वर. दट्ट्याने दूध ढकलू नका, सिरिंज उंच धरा आणि आपसूक उतरू द्या. (घाई असते, मान्य. पण उलटी पुसायला त्याहून जास्त वेळ जातो.)

नळी तुंबते ती बहुतेकदा औषधांमुळे. दोन औषधं एकत्र कालवू नका, प्रत्येकाआधी आणि नंतर थोडं पाणी सोडा. किती, ते बाळाच्या वजनावर आणि द्रव-मर्यादेवर. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्याच नाहीत. तुंबलीच तर लहान सिरिंजने जोर लावू नका, तिचा दाब जास्त असतो आणि नळी फाटू शकते. नळी घालताना तिला ताठ ठेवणारी तार एकदा काढली, की बाळाच्या आत असलेल्या नळीत ती परत घालणं तर कधीच नाही.

पोटातून बसवलेली नळी निघून आली तर लगेच कळवा. छिद्र काही तासांतच बुजू लागतं. शस्त्रक्रिया ताजी असेल तर मात्र आपल्या हाताने परत घालायला जाऊ नका.

आणि ड्युटी बदलताना 'आरटी ओके' (आरटी म्हणजे राइल्स ट्यूब, हीच नाकातली नळी) एवढंच लिहू नका. 'नाकपुडीशी २२ सेंमी, पीएच ४, चिकटपट्टी बदलली' असं लिहा.