मृगाच्या आधी पीयू बुशला ग्रीस: काय काय जमवून ठेवायचं

मृग लागतो 7 जूनच्या आसपास. गाडीच्या सस्पेन्शनमधल्या पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनच्या, बुशना (सांध्यात बसणाऱ्या, हादरे झेलणाऱ्या गोल गाद्या) ग्रीस लावायचं काम त्याच्या आत उरका. काळी माती वाळली की तिचं पीठ होतं, ते बुशच्या फटीत शिरतं, ग्रीसमध्ये कालवलं जातं आणि मग तेच आतली स्लीव्ह (लोखंडी नळी) घासत बसतं. त्यावर पावसाचं पाणी पडलं की उरलंसुरलं ग्रीसही जातं. पांदीतून, वावराच्या कडेनं रोज गाडी नेणाऱ्यांनी तर दरसाल उन्हाळ्याच्या शेवटाला एकदा बुश उघडून बघावेतच.

सगळ्यात आधी, आपल्या गाडीला खरंच पॉलियुरेथेनचे बुश आहेत का याची खात्री करा. कंपनीतून आलेल्या बहुतेक गाड्यांना रबराचेच असतात. त्यात रबर आतल्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं. आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा दांडा) वरखाली झाला की रबर पिळतं, घसरत नाही. तिथं ग्रीसचं काही काम नाही, उलट साध्या पेट्रोलियम ग्रीसनं रबर फुगून मऊ पडतं. पीयूच्या बुशात मात्र स्लीव्ह मोकळी फिरते. ती कोरडी पडली की गतिरोधकावर करकर ऐकू येते, आणि लोक शॉकअप बदलायला निघतात. बुश लाल, पिवळा किंवा निळा दिसला तर तो बाहेरून बसवलेला पीयूचा असण्याची शक्यता मोठी. काळा असेल तर रंगावर जाऊ नका, स्लीव्ह मोकळी आहे की चिकटलेली ते पहा.

आता ग्रीस. यादीतली हीच एक गोष्ट अशी आहे की जिच्यात तडजोड करू नये. गॅरेजच्या डब्यातलं नेहमीचं बेअरिंगचं ग्रीस पीयूला लगेच खात नाही, पण पाण्यानं धुऊन जातं आणि थोड्याच दिवसांत करकर परत येते. हवं ते सिलिकॉनचं, घट्ट, बोटाला तार धरणारं, पाण्याला न सुटणारं ग्रीस. त्यात पीटीएफई (टेफ्लॉन) असेल तर फारच उत्तम. नव्या बुशच्या संचात छोटी पुडी येते ती ठेवून द्या, पण तेवढ्यावर अवलंबून राहू नका, एक मोठी ट्यूब आणा. सिलिकॉन स्प्रे हा पर्याय नाही. तो पातळ असतो, आवाज थोडे दिवस दबतो एवढंच. गंज सोडवायचा स्प्रे बुशवर मारला तर आतलं चांगलं ग्रीसही धुऊन निघतं. तो फक्त नटबोल्टवर, आदल्या रात्री.

पुसायला सुती चिंध्या भरपूर घ्या. शिवाय साबणाचं कोमट पाणी, तारेचा ब्रश, बारीक पॉलिश पेपर. पीयूचा भाग साबणाच्या पाण्यानंच धुवा. थिनर लावू नका, त्यानं बुश फुगतो. स्लीव्हवर बोट फिरवून बघा. गंजाचा खरखरीतपणा पॉलिश पेपरनं जात असेल तर ठीक, पण खड्डे पडले असतील तर नवी स्लीव्हच मागवा. खड्ड्याची धार नव्या ग्रीसलाही दाद देत नाही, बुश आतून कुरतडत राहते.

जॅक, दोन भक्कम घोडे (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड) आणि मागच्या चाकांना लावायला दोन मोठे दगड किंवा ओंडके हवेतच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही. मे महिन्यात डांबर मऊ होतं आणि घोड्याचे पाय त्यात रुततात, म्हणून फरशी किंवा काँक्रीटची जागा धरा. ती नसेल तर खाली जाड फळ्या द्या. स्टॅबिलायझर बारचे (वळणावर गाडी कलू न देणारा, दोन्ही चाकांना जोडलेला दांडा) बुश काढायचे असतील तर पुढची दोन्ही चाकं सारखी उचला. एकच उचललं तर बार पिळलेला राहतो आणि क्लँपचा बोल्ट सुटताना झटका देतो.

पाने सांगायचे तर 14, 17 आणि 19 च्या गोट्या (सॉकेट), लांब दांडा आणि टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानंच कसणारा पाना). टॉर्कचा आकडा आपल्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून आधी कागदावर उतरवून ठेवा. दुसऱ्या गाडीचा आकडा चालत नाही. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप न सुटणारे) निघाले की नवेच टाकायचे, म्हणून तेही आणून ठेवा. पीयूची स्लीव्ह बहुधा हातानं किंवा व्हाइसमध्ये हलका दाब देऊन निघते, प्रेसची गरज पडत नाही.

ग्रीस भरताना हाताशी स्वच्छ पुठ्ठा ठेवा, काढलेले भाग त्यावर. बुशच्या आतल्या भोकातल्या खाचा पूर्ण भरा, स्लीव्हवर थर द्या, आणि दोन्ही बाजूंच्या चपट्या तोंडांना विसरू नका. करकर पुष्कळदा तिथूनच येते, कारण आर्म ब्रॅकेटला घासतो तो तिथंच. बाहेर आलेलं पुसून टाका, नाहीतर त्यावर फुफाटा चिकटतो. ब्रेकच्या डिस्कला आणि पॅडला एक ठिपकाही लागता कामा नये. डेंटिंग-पेंटिंग ठरलं असेल तर ते आधी करून घ्या, सिलिकॉनचा हात लागलेल्या पत्र्यावर रंग धरत नाही.

एखाद्या जागी रबराचाच बुश राहिला असेल तर त्याचा बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच कसा, हवेत लोंबकळताना नाही. लोअर आर्म सोडला असेल तर अलाइनमेंटची (चाकांचे कोन नीट लावून घ्यायची) वेळ आधीच सांगून ठेवा. आणि सर्व्हिसिंगनंतर गाडीखाली डिझेल-ऑइलचा फवारा मारायची पद्धत आपल्याकडे फार आहे. गॅरेजच्या पोराला आधीच बजावून सांगा, बुशवर नको. शंभरेक किलोमीटर झाले की सगळे बोल्ट एकदा टॉर्क रेंचनं तपासा.