मालवण-वेंगुर्ल्याकडे येताय? मग जेवायचं कसं ते ऐका

डिसेंबर आणि मे जवळ आला की ओळखीतले लोक विचारायला लागतात, मालवणला चाललोय, एक बेस्ट हॉटेल सांग. मी नाव सांगत नाही. कारण जी खानावळ बुधवारी दुपारी एक वाजता स्वर्ग असते तीच सोमवारी संध्याकाळी चार वाजता तुम्हाला बर्फातली सुरमई आणि सकाळचं आटलेलं कालवण वाढते, आणि मग शिव्या मला पडतात. आमच्याकडे नाव विचारण्यापेक्षा वार आणि वेळ बघून जेवायला बसावं.

वार म्हणजे काय तर इथल्या बऱ्याच घरांत सोमवार, गुरुवार आणि कुठे कुठे शनिवारपण मासे होत नाहीत. संकष्टी, श्रावण वेगळेच. त्या दिवशी गावातलं गिऱ्हाईक मासे घेत नाही, म्हणजे ताटात येणारा मासा फक्त पर्यटकांसाठी असतो. मी तरी सोमवारी शाकाहारीच सांगतो आणि ते मन मारून वगैरे नाही, उलट त्या दिवशी काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळी, कुळथाची पिठी आणि भात असलं घरच्यासारखं जेवण मिळायचा चान्स जास्त. मार्च-एप्रिलमध्ये आलात तर ओल्या काजूगरांची उसळ आहे का हे पहिलं विचारा, असेल तर मासे उद्या खाल्ले तरी चालतील.

आता वेळ. दुपारचं जेवण साडेबारा ते दोन. अडीचनंतर गेलात तर भात गार, सोलकढी तळाची, आणि वयनी, म्हणजे खानावळ चालवणारी वहिनी, दमलेली. संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालतो, तो एकदा बघाच, फुकट करमणूक आहे आणि आज काय आलंय तेही कळतं. तिथे टोपल्यांतून बांगडे आणि सौंदाळे दिसत असतील आणि रात्री वेटर मोठ्या पापलेटचा आग्रह करत असेल तर समजायचं काय ते.

मुंबई-पुण्याची मंडळी खुर्चीत बसायच्या आधी सुरमई थाळी सांगतात. सुरमई वाईट नाही हो, पण मे महिन्यात जेवढी सुरमई इथल्या ताटांत पडते तेवढी त्या दिवशी मालवणच्या समुद्रातून निघत नाही हे साधं गणित आहे, बाकीची बर्फातून, कुठून कुठून येते. त्यापेक्षा रापणीचा (म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा) आणि छोट्या होड्यांचा मासा बघा, तो सकाळी ओढला की दुपारी तव्यावर. बांगडा, तारली, पेडवे, मुडदुशी, सौंदाळे, लेपो, असले मासे. काटे असतात, मान्य. पण बांगड्याचं तिखलं, तिरफळं घालून केलेलं, घट्ट, भाताबरोबर नाही तर भाकरीबरोबर, हे खाल्ल्याशिवाय परत जाऊ नका आणि तिरफळ चावू नका, ते वासासाठी असतं, बाजूला काढायचं. पैशाच्या बाबतीतही बरं पडतं, बांगडा थाळी जवळपास सगळीकडे सगळ्यात स्वस्त, मग सुरमई, पापलेट सगळ्यात वर.

ऑर्डर कशी द्यायची? मेनू बाजूला ठेवा आणि सरळ विचारा, "वयनी, आज ताजा काय आसा?" मालवणी येत नसेल तर मराठीत विचारा, काही बिघडत नाही. पापलेट किंवा खेकडा घेणार असाल तर आधी कच्चा दाखवायला सांगा आणि त्याच तुकड्याचा भाव विचारून घ्या, "साइजप्रमाणे" असं लिहिलेलं असतं तिथेच बिलावरून भांडणं होतात. कालवं, तिसऱ्या, शिनाणे हे शिंपल्यातले प्रकार रोज नसतात, असले तर सुकं करायला सांगा. कोंबडी-वडे पाहिजेत आणि तेही गावठी कोंबडीचे तर सकाळी फोन करून ठेवा. ती कोंबडी शिजायला वेळ घेते, दहा मिनिटांत आली तर ती गावठी नाही.

सोलकढीवरून मी खानावळीची परीक्षा करतो. थोडा वेळ तशीच ठेवली की नारळाचा रस वर यायला लागतो आणि ढवळावी लागते ती खरी. रंग फिकट गुलाबी, लसणीचा आणि मिरचीचा ठसका. सरबतासारखी भडक गुलाबी आणि गोडसर दिली तर तिथे दुसऱ्यांदा जाऊ नका.

जागांबद्दल थोडं. मालवण शहरात जेटीसमोर, जिथून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या सुटतात, तिथे गर्दी आणि घाई, मी तिथे फक्त चहा घेतो. बाजारपेठेत किंवा भरड भागाकडे चालत आत या, गल्लीत साध्या खानावळी आहेत, चार-पाच टेबलं, हात धुवायला बाहेर नळ, दुपारी बँकेतली आणि दुकानातली माणसं जेवताना दिसली की बसा. तारकर्ली-देवबागला राहणार असाल तर राहता तिथेच जेवण सांगून ठेवा. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी आणि रस्ता एकच, मे महिन्यात रात्री जेवायला मालवणात जाऊन यायचं म्हटलं तर अर्धा वेळ गाडीतच जातो. शांत पाहिजे तर नदीच्या पलीकडे भोगवे नाही तर निवती, तिकडे हॉटेलं कमी, घरगुती जेवण जास्त, पण न सांगता गेलात तर उपाशी राहाल.

वेंगुर्ला मला स्वतःला मालवणपेक्षा आवडतं, गर्दी कमी आणि कोणी आग्रह करत नाही. पुढे शिरोडा, तेच 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहाचं, बाजारात दुपारची साधी थाळी मिळते, आणि आरोंद्याकडे गेलं की गोवा समोरच. देवगड बाजूला कुणकेश्वरला देवळाजवळ शाकाहारी जेवा आणि मासे देवगड बंदराच्या आसपास बघा.

सकाळचा नाश्ता हॉटेलच्या बुफेत वाया घालवू नका. घावणे आणि चटणी, किंवा उसळपाव, एसटी स्टँडच्या जवळपास सापडतंच. कुणी शिरवाळे करून देणार असेल, म्हणजे तांदळाच्या शेवया आणि गोड नारळाचा रस, तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, फार कुटाण्याचं काम आहे ते.

पावसाळ्यात येणाऱ्यांसाठी: 1 जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी लागते, जुलै संपेपर्यंत तरी असतेच, तेव्हा ताज्या सुरमईच्या पाट्या बघून भुलू नका. त्या दिवसांत आम्ही स्वतः काय खातो तर सुके बांगडे भाजून, सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे खोबरं घालून केलेलं कोरडं तोंडीलावणं, पेज, आणि पहिल्या पावसात ओहोळाला चढणीचे, म्हणजे प्रवाहाच्या उलट वर येणारे, मासे मिळाले तर ते. खानावळीत हे बोर्डवर नसतं पण विचारलं तर बरेचदा त्यांच्या घरातल्यांसाठी केलेलं असतं, त्यातलं वाढतात.

मालवणजवळची आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा गाठली (तिची तारीख तिथीवर नाही, देवीचा कौल घेऊन ठरते, म्हणून आधी चौकशी करा) तर खाजा, ही जत्रेतली गोड मिठाई, तिथेच घ्या, गुळाचा, आल्याचा वास आला पाहिजे.

आणि रोख पैसे ठेवा. यूपीआय सगळीकडे आहे पण देवबाग-निवतीकडे नेटवर्क मनात येईल तेव्हा असतं, मग वयनी म्हणते "नंतर पाठवा", आणि तुम्ही कणकवली ओलांडून हायवेला लागलात की विसरता. तसं करू नका, बाहेर पडायच्या आधीच देऊन टाका.