लिनक्स संगणक सुरू होतानाच फायरवॉल कशी चालू करावी

लिनक्समध्ये फायरवॉलचे, म्हणजे नेटवर्कवरील नको त्या जोडण्या अडवण्याचे, खरे काम कर्नेलमधील (लिनक्सच्या गाभ्यातील) नेटफिल्टर ही यंत्रणा करते. तिला दिलेले नियम मेमरीत असतात आणि संगणक बंद होताच पुसले जातात, म्हणून दर वेळी संगणक सुरू होताना ते पुन्हा लागू करावे लागतात. त्यासाठी अनेकजण जीयूएफडब्ल्यूची, म्हणजे यूएफडब्ल्यू हे फायरवॉलचे साधन माऊसने हाताळण्याच्या प्रोग्रॅमची, खिडकी लॉगिननंतर आपोआप उघडेल अशी तजवीज करतात. पण ती खिडकी नियम ठरवण्यापुरतीच असते, आणि लॉगिन होईपर्यंत संगणक नेटवर्कला जोडलेलाही असू शकतो. संरक्षण त्याआधीच उभे राहायला हवे.

उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात यूएफडब्ल्यू आधीपासून असते, मात्र ते बंद ठेवलेले असते. टर्मिनल उघडून प्रथम ‘सुडो यूएफडब्ल्यू डिफॉल्ट डिनाय इनकमिंग’ आणि मग ‘सुडो यूएफडब्ल्यू डिफॉल्ट अलाऊ आउटगोइंग’ या आज्ञा लहान रोमन अक्षरांत द्याव्यात. त्यामुळे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवल्या जातात आणि आपण स्वतः सुरू केलेल्या जोडण्या चालू राहतात. घरच्या संगणकाला बहुधा एवढे पुरते.

हा संगणक आपण दुसऱ्या ठिकाणाहून एसएसएचने (दूरच्या संगणकावर आज्ञा देण्याच्या सुरक्षित पद्धतीने) वापरत असाल, तर पुढे जाण्यापूर्वी ‘सुडो यूएफडब्ल्यू अलाऊ एसएसएच’ ही आज्ञा अवश्य द्यावी; ती राहून गेली तर पोर्ट २२, म्हणजे एसएसएचची जोडणी आत येण्याचा क्रमांकित मार्ग, बंद होईल आणि संगणकापाशी प्रत्यक्ष गेल्याखेरीज आत शिरता येणार नाही. फोन जोडण्यासाठी केडीई कनेक्ट वापरत असल्यास १७१४ ते १७६४ हे पोर्ट टीसीपी आणि यूडीपी या माहिती पाठवण्याच्या दोन्ही पद्धतींसाठी मोकळे करावे लागतात.

आता ‘सुडो यूएफडब्ल्यू एनेबल’ ही आज्ञा द्यावी. तिने फायरवॉल लगेच चालू होते आणि पुढे प्रत्येक वेळी संगणकाबरोबर सुरू होईल अशी नोंदही होते.

खात्री मात्र संगणक पुन्हा सुरू करूनच करावी. ‘सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस व्हर्बोस’ या आज्ञेच्या उत्तरात ‘अ‍ॅक्टिव्ह’ हा शब्द दिसला पाहिजे. यूएफडब्ल्यूची सेवा ‘एनेबल्ड’ आहे असे सिस्टमसीटीएलने (सेवांची स्थिती दाखवणाऱ्या आज्ञेने) सांगितले, तरी तेवढ्यावर विसंबू नये, कारण सेवा सुरू असूनही फायरवॉल बंद असू शकते.

फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारात हेच काम फायरवॉलडी हे साधन करते आणि ते सहसा सुरुवातीपासून चालू असते. तेथे यूएफडब्ल्यू वेगळे बसवू नये. दोन्ही साधने एकाच नेटफिल्टरवर नियम लिहितात आणि कोणत्या नियमाने जोडणी अडली हे शोधणे फार अवघड होते.