पाकिटावरचा आकडा आणि रक्तातले निकोटिन : सिगारेट व व्हेपचा हिशेब कसा मांडावा

सिगारेट सोडून व्हेपकडे, म्हणजे ई-सिगारेटकडे, वळणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो : ‘माझ्या एका सिगारेटच्या बदल्यात व्हेपचे किती झुरके?’ प्रश्न रास्त आहे, पण पाकिटावरच्या आकड्याला बाटलीवरच्या आकड्याने भागून त्याचे उत्तर मिळत नाही. हे दोन आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात आणि रक्तात किती निकोटिन उतरले, किती वेगाने उतरले, हे त्यांपैकी एकही सांगत नाही. तो हिशेब स्वतःचा स्वतः कसा मांडावा, हे या लेखात सांगितले आहे. जे प्रौढ आज सिगारेट ओढतात किंवा ती सोडण्याच्या वाटेवर आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. ज्याने निकोटिनला कधी हात लावलेला नाही, त्याने यातले काहीही करून पाहू नये.

आधी दोन्ही आकडे नीट वाचावेत

एका सिगारेटच्या तंबाखूत साधारण १० ते १५ मिलिग्रॅम निकोटिन असते, पण ओढणाऱ्याच्या शरीरात त्यातले सुमारे १ ते १.५ मिलिग्रॅमच जाते. उरलेले जळून जाते, दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात निखाऱ्यावरून हवेत विरते किंवा फिल्टरमध्ये आणि थोटकात अडकते. काही पाकिटांवर ०.६ किंवा ०.८ मिलिग्रॅम असे जे आकडे छापलेले दिसत, ते यंत्राने ओढलेल्या सिगारेटचे असत : दर मिनिटाला एक झुरका, तो दोन सेकंदांचा आणि ३५ मिलिलिटरचा. माणूस असा ओढत नाही. ‘लाइट’ सिगारेटच्या फिल्टरभोवती हवा आत येण्यासाठी बारीक छिद्रे असतात. यंत्र ती उघडी ठेवते, तर ओढणाऱ्याची बोटे किंवा ओठ ती नकळत झाकतात. शिवाय तलफ भागली नाही की माणूस आपोआप खोल आणि जास्त वेळा ओढतो, त्यामुळे ‘लाइट’ सिगारेटमधूनही तो जवळजवळ तेवढेच निकोटिन मिळवतो.

व्हेपच्या बाटलीवरचा आकडा ही मात्रा नव्हे, ती तीव्रता असते. ‘२० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर’ याचा अर्थ एक मिलिलिटर द्रवात २० मिलिग्रॅम निकोटिन. म्हणजे दोन मिलिलिटरच्या भरलेल्या पॉडमध्ये (व्हेपच्या द्रव भरायच्या छोट्या कुपीत) ४० मिलिग्रॅम. टक्केवारी छापलेली असेल तर २ टक्के म्हणजे ढोबळमानाने २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असे धरावे. युरोपीय संघात २० हीच कमाल मर्यादा आहे, अन्यत्र ५० किंवा त्याहून तीव्र द्रवही विकले जातात. मात्र ४० मिलिग्रॅमचा पॉड म्हणजे तीस-चाळीस सिगारेटी, असे समीकरण लगेच मांडू नये. पॉडमधले सगळे निकोटिन रक्तात जात नाही. किती जाते, हे निकोटिनची वाट कोणती यावर ठरते.

निकोटिन रक्तात कुठून उतरते, हे समजून घ्यावे

सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे, म्हणून थोडे थांबून वाचावे. निकोटिन हा सौम्य अल्कधर्मी पदार्थ आहे. आजूबाजूला आम्ल असेल तर त्याच्या रेणूवर विद्युतभार येतो आणि असा भारित रेणू पेशींच्या पडद्यातून सहज पार होत नाही. नेहमीच्या सिगारेटचा धूर किंचित आम्लधर्मी, साधारण ५.५ ते ६ पीएचचा असतो (पीएच म्हणजे आम्लतेचे माप : ७ च्या खाली आम्ल, वर अल्क). म्हणूनच तो नुसता तोंडात धरून सोडला तर फारसे निकोटिन शोषले जात नाही. तोच धूर छातीत घेतला की चित्र पालटते : फुप्फुसांतल्या कोट्यवधी वायुकोशांचा पातळ ओलसर पृष्ठभाग धुरातले कण टिपून घेतो, तिथल्या ७.४ पीएचच्या द्रवात निकोटिनचा बराच भाग भारमुक्त होतो आणि काही क्षणांत रक्तात उतरतो. फुप्फुसांतले रक्त थेट हृदयाच्या डाव्या बाजूकडे आणि तिथून मेंदूकडे जात असल्याने झुरका घेतल्यापासून १० ते २० सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते. सिगारेटचे व्यसन इतके घट्ट का बसते, याचे मोठे कारण मात्रेपेक्षा या वेगात आहे. पाइप आणि चिरूटचा धूर तुलनेने अल्कधर्मी असतो, त्यामुळे तो छातीत न घेताही तोंडातून निकोटिन शोषले जाते.

व्हेपमध्ये जळणे नाही. प्रोपिलीन ग्लायकॉल आणि व्हेजिटेबल ग्लिसरीन यांत विरघळवलेले निकोटिन तापलेल्या कॉइलवर (तारेच्या वेटोळ्यावर) बाष्प होते आणि थंड होताच सूक्ष्म थेंबांचे धुके बनते. या द्रवांचे दोन प्रकार आहेत आणि आपल्या बाटलीत कोणता आहे, हे पाहणे आवश्यक आहे. पहिला प्रकार फ्रीबेस, म्हणजे आम्ल न मिसळलेल्या, निकोटिनचा. हे द्रव अल्कधर्मी असते आणि त्यातले भारमुक्त निकोटिन थेंबातून सहज उडून तोंडाच्या व घशाच्या अस्तरावर बसते. घशाला जो ठसका लागतो तो यामुळेच, आणि तीव्रता वाढवली की तो सोसवत नाही. वरच्या भागात शोषले गेलेले हे निकोटिन रक्तात हळू चढते. दुसरा प्रकार निकोटिन सॉल्टचा. यात बेन्झोइक आम्लासारखे एखादे आम्ल मिसळून द्रवाचा पीएच खाली आणलेला असतो. घसा खवखवत नाही, त्यामुळे तीव्र द्रवही खोलवर ओढता येते आणि निकोटिन सिगारेटच्याच वाटेने, म्हणजे फुप्फुसांतून, झपाट्याने रक्तात जाते. घशाला मऊ लागते म्हणून हे द्रव सौम्य असेल, अशी समजूत अनेकांची होते. ती पूर्ण चुकीची आहे.

थुंकीबरोबर गिळल्या गेलेल्या निकोटिनचा हिशेब आणखी वेगळा. पोटातले आम्ल त्याचे शोषण रोखते आणि आतड्यातून जे शोषले जाते, त्याचा मोठा भाग यकृत पहिल्याच फेरीत मोडून टाकते.

यंत्र आणि झुरका यांचा विचार करावा

आजच्या रूपातली ई-सिगारेट चीनमधील औषधनिर्माता होन लिक यांनी २००३ च्या सुमारास घडवली. सिगारेटसारख्या दिसणाऱ्या सुरुवातीच्या यंत्रांची २०१० च्या आसपास तपासणी झाली, तेव्हा काहींमधून रक्तातले निकोटिन जेमतेम वाढत होते. सिगारेटनंतर पाच ते आठ मिनिटांत रक्तातली पातळी साधारण १० ते ३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरने वाढते. आजची सॉल्टची पॉड यंत्रे, अनुभवी माणसाच्या हातात, या पट्ट्याच्या जवळ जाऊ शकतात. म्हणून ‘व्हेपमधून निकोटिन कमी मिळते’ आणि ‘व्हेपमधून जास्त मिळते’ ही दोन्ही विधाने यंत्राचे नाव घेतल्याशिवाय निरर्थक आहेत. यंत्राचे वॅट, म्हणजे वीजशक्ती, वाढवले की प्रत्येक झुरक्यात जास्त द्रव बाष्प होते. त्यामुळे ३ मिलिग्रॅमचे द्रव मोठ्या यंत्रात भरपूर निकोटिन देऊ शकते आणि १२ मिलिग्रॅमचे द्रव छोट्या यंत्रात त्याहून कमी. झुरक्याची लांबीही महत्त्वाची. सिगारेटचा झुरका साधारण दोन सेकंदांचा, तर सरावलेल्या व्हेपकराचा बहुधा तीन ते चार सेकंदांचा असतो.

आता प्रत्यक्ष नोंद

माझ्या मोठ्या भावाने सिगारेट सोडताना एक साधी गोष्ट केली. रोज सकाळी पॉड भरल्यावर तो द्रवाच्या पातळीवर मार्करने बारीक रेघ ओढायचा आणि दुपारी व रात्री पुन्हा. आठवड्याभरात दिसले ते असे : सकाळच्या आणि दुपारच्या रेघांमध्ये जेमतेम नखाएवढे अंतर, आणि रात्रीच्या रेघेपर्यंत जवळजवळ अर्धा पॉड रिकामा. त्याला वाटत होते की आपण दिवसभर सारखेच ओढतो. खरे तर संध्याकाळी काम करताना यंत्र हातातून खाली ठेवलेच जात नव्हते. सिगारेट संपते, विझते, पुढची पेटवावी लागते. व्हेपला असा शेवट नसतो, आणि हिशेब चुकतो तो इथेच.

तुम्हीही रेघ ओढा किंवा दोन दशांशांपर्यंत मोजणाऱ्या छोट्या वजनकाट्यावर पॉड सकाळ-रात्र तोला. एक मिलिलिटर द्रवाचे वजन एक ग्रॅमहून थोडे जास्त, साधारण १.१ ते १.२ ग्रॅम धरावे. दिवसाला १.५ मिलिलिटर संपले आणि द्रव २० चे असेल, तर यंत्रातून ३० मिलिग्रॅम निकोटिन बाहेर पडले. हा वरचा टोकाचा आकडा आहे : काही उच्छ्वासाबरोबर बाहेर जाते, काही मुखनळीत साचते, काही गळते. तुलनेसाठी, १५ सिगारेटी म्हणजे शरीरात गेलेले १५ ते २२ मिलिग्रॅम. दोन्ही आकडे शेजारी मांडले की अंदाज येतो, मात्र त्याला अंदाजच समजावे.

त्यापेक्षा भरवशाचा साक्षीदार आपले शरीर आहे. वहीत तीन नोंदी ठेवाव्यात. उठल्यावर किती मिनिटांत पहिला झुरका लागतो, ही पहिली. निकोटिनचे रक्तातले अर्धायुष्य, म्हणजे पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, सुमारे दोन तास असल्याने रात्रभरात पातळी उतरते आणि अर्ध्या तासाच्या आत तलफ येत असेल तर अवलंबित्व तीव्र समजतात. दुसरी नोंद जास्त झाल्याच्या खुणांची : मळमळ, गरगरणे, घाम, तोंडाला पाणी सुटणे, छातीत धडधड. अशी खूण दिसताच यंत्र बाजूला ठेवावे. तिसरी नोंद कमी पडल्याच्या खुणांची : चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणे आणि हात पुन्हा सिगारेटकडे जाणे. नवे द्रव किंवा यंत्र घेतल्यावर तीन-चार झुरके घेऊन पाच-दहा मिनिटे थांबावे. फ्रीबेस द्रवाचा परिणाम उशिरा जाणवतो आणि तोवर घाईने ओढत राहिले की मळमळ ठरलेली.

तीव्रता घाईने उतरवणे ही मला दिसणारी सर्वांत मोठी चूक आहे. २० वरून एकदम ६ वर आलेला माणूस लांब आणि वारंवार ओढून तूट भरून काढतो, परिणामी निकोटिन फारसे घटत नाही आणि बाष्प मात्र कितीतरी जास्त छातीत जाते. तलफ भागेल इतक्या तीव्रतेवर सिगारेट पूर्ण सुटू द्यावी, मग टप्प्याटप्प्याने खाली यावे. दिवसाकाठी दोन सिगारेटी आणि वर व्हेप, हा मधला मार्ग सुरुवातीचे काही दिवस समजण्यासारखा आहे, पण तिथेच मुक्काम करू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर तसेच चालू राहतात. निकोटिनचा पॅच वा च्युइंगम यांचे शोषण याहून खूप संथ असते, म्हणून त्यांची सवय जडण्याची शक्यता कमी. ते वापरायचे असतील तर च्युइंगमआधी पंधरा मिनिटे कॉफी किंवा आंबट पेय टाळावे, कारण आम्लामुळे तोंडातले शोषण घटते.

औषधे घेणाऱ्यांनी हे डॉक्टरांना सांगावे

ही बाब फार थोड्यांना ठाऊक असते. तंबाखूच्या धुरातली काही संयुगे यकृतातल्या एका विकराला (एन्झाइमला) चेतवतात आणि त्यामुळे क्लोझापिन व ओलान्झापिन (मानसिक आजारांवरची), थिओफायलिन (दम्यावरचे) यांसारखी औषधे, तसेच कॅफिन, शरीरातून लवकर बाहेर पडते. हा परिणाम निकोटिनचा नसून धुराचा आहे. सिगारेट थांबवून व्हेप सुरू केले की निकोटिन तेवढेच राहिले तरी या औषधांची रक्तातली पातळी काही दिवसांत चढू लागते आणि मात्रा कमी करावी लागू शकते. म्हणून सिगारेट थांबवण्याची तारीख ठरली की ती डॉक्टरांना आधीच कळवावी; स्वतःच्या मनाने मात्रा बदलू नये. नेहमीची कॉफी अचानक बाधू लागली, झोप उडाली, तर त्याचेही कारण बहुधा हेच असते. तिचे प्रमाण निम्म्यावर आणून पाहावे. तपासण्यांचेही असेच : रक्तातले किंवा लघवीतले कोटिनिन (निकोटिन शरीरात मोडून बनणारा पदार्थ) व्हेप आणि सिगारेट यांत भेद करत नाही, श्वासातल्या कार्बन मोनॉक्साइडची चाचणी मात्र तो भेद दाखवते.

द्रवाच्या बाटल्या कुलपात ठेवाव्यात आणि पॉड भरताना हातावर थेंब सांडला तर लगेच साबण-पाण्याने धुवावा, कारण निकोटिन त्वचेतूनही शोषले जाते. लहान मुलाने द्रव चाखल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवण्याच्या फंदात न पडता, बाटली बरोबर घेऊन, थेट रुग्णालय गाठावे.