गावी जमलेल्या लहानमोठ्या मुलांना एकत्र रमवताना

उन्हाळ्याच्या सुट्टीत मराठवाड्यातल्या घरी चार वर्षांचे शेंडेफळ, आठ-नऊ वर्षांची दोघे आणि चौदा वर्षांचा थोरला अशी भावंडे जमली, की प्रत्येकाची वेगळी करमणूक करण्याच्या खटाटोपात मोठी माणसे थकून जातात. त्यापेक्षा एकच काम किंवा एकच खेळ निवडून त्यातला वाटा वयाप्रमाणे द्यावा. आमच्या घरी हीच रीत वर्षानुवर्षे चालत आली आहे.

दिवसाची आखणी उन्हाकडे पाहून करावी. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, म्हणून शेतात जायचे ते सकाळी सहालाच, आणि दहाच्या आत परतायचे. झाडाला आंबे असतील तर त्यांच्यासारखे काम नाही. थोरल्याने झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, आंबे उतरवावेत, मधल्यांनी देठाचा चीक निथळू देऊन मार लागलेले आंबे बाजूला काढावेत आणि धाकट्याने गव्हाचे काड पसरावे. काडाचा थर, वर आंब्यांचा थर आणि पुन्हा काड, अशी अढी घातली, की रोज सकाळी हात घालून पिकलेला आंबा वासावरून ओळखण्याचा मान धाकट्याला द्यावा. हे काम तो कधीच विसरत नाही.

विहिरीवर मात्र पट्टीचा पोहणारा मोठा माणूस पाण्यात असल्याशिवाय कोणालाही उतरू देऊ नये. उन्हाळ्यात पाणी खोल जाते आणि कपारी उघड्या पडतात, त्यामुळे वरून उडी मारण्यास पोहता येणाऱ्या मुलांनाही ठाम मनाई असावी.

दुपार मोठी असते, आणि खरी कसोटी तेव्हाच लागते. चल्लस-आठ हा खेळ मला यासाठी सर्वांत योग्य वाटतो, कारण तो मांडण्यातच एक दुपार जाते. चिंचोके शहाबादी फरशीवर थोडे पाणी टाकून घासत राहिले, की तपकिरी साल जाऊन एक बाजू पांढरी होते. हे काम चिकाटीचे असल्यामुळे ते आठ-नऊ वर्षांच्या मुलांना द्यावे. थोरल्याने खडूने पाच-पाच घरांचा पट आखावा. असे चार चिंचोके टाकून चारही पांढऱ्या बाजू वर आल्या तर चार आणि एकही आली नाही तर आठ घरे चालायची. धाकट्याला स्वतंत्र सोंगट्या न देता त्याच्याकडून चिंचोके टाकून घ्यावेत, म्हणजे हरल्याचे रडे होत नाही आणि चारपर्यंतची मोजणी आपोआप पक्की होते.

एखादा दिवस सहलीला ठेवायचा असेल, तर वेरूळला लेणी उघडताच पोहोचावे. मंगळवारी ती बंद असतात. ३४ लेण्यांमागे धावू नये. १६ क्रमांकाचे कैलास लेणे पुरेसे आहे, कारण जोत्यावरचे हत्ती मोजण्यात धाकटा गुंततो, रामायण आणि महाभारताचे शिल्पपट मधली ओळखतात आणि अखंड खडक वरून खाली कोरत कसा आणला असेल, या प्रश्नावर थोरला बराच वेळ विचार करतो.

रात्री माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, अंथरुणे टाकण्यापूर्वी विंचू नाही ना, हे विजेरीने पाहून घ्यावे. मग विजेरी बंद करून धाकट्याला सप्तर्षी दाखवावेत. नऊ-दहाच्या सुमारास आग्नेयेला वृश्चिक वर आलेला असतो, त्याची वळलेली नांगी आणि लालसर ज्येष्ठा मधल्यांनी शोधावी. थोरल्याने हात लांब करून उत्तर क्षितिजापासून दोन मुठी वर मोजाव्यात. आपल्या भागातून ध्रुव साधारण तेवढ्याच उंचीवर दिसतो. तो एकदा सापडला, की दुसऱ्या रात्री तेच काम नऊ वर्षांच्या मुलीकडे सोपवावे आणि थोरल्याने फक्त तिच्या मुठी बरोबर पडतात का, ते पाहावे.